निळाई बसली, तिथं पाणी

सकाळी नऊलाच आमच्या शाळेच्या मैदानावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. एरवी पालकसभेला पाच-सहा माणसं येतात, त्यातली दोन रस्ता चुकून. त्या दिवशी अख्खी खडकेवाडी लोटली होती, शिवाय आजूबाजूच्या वस्त्या आणि उमरग्याहून मोटरसायकलींवर आलेली पाहुणेमंडळी. हलगी कडाडत होती. बायका कुंकवाची ताटं घेऊन उभ्या होत्या. तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची माळ पोरांनी कुंपणाच्या भिंतीवर पसरून ठेवली होती, पाणी लागताक्षणी लावायची म्हणून. बोअरची गाडी फाटकाबाहेर आणि तिचा ड्रायव्हर चहाच्या टपरीवर, अशी सगळी सिद्धता होती.

शाळेला बोअर घ्यायचा होता आणि जागा दाखवायला साक्षात निळाईमाय येणार होती.

मी या शाळेत विज्ञान शिकवतो. पोरं मला माझ्या पाठीमागं 'पुरावा गुरुजी' म्हणतात. शाळा समितीच्या बैठकीत मी म्हणालो होतो, की भूजलवाल्यांचा माणूस बोलवू, तो यंत्र लावून जागा सांगेल. ठराव मताला टाकला. माझ्या बाजूनं मी होतो.

निळाईमाय म्हणजे शिवांजली, वय वर्षं सहा. गावातल्या शिवानंद आणि अर्पिता या जोडप्याची एकुलती एक मुलगी. अंगानं काडी. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे, नखं निळी, बोटांची टोकं गोल फुगलेली. ती रानातून चालत जायची आणि मध्येच उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घट्ट घेऊन. ती बसेल तिथं बोअर घेतला की पाणी लागतं, अशी तिची पंचक्रोशीत ख्याती होती.

ही ख्याती पसरवली सिद्धारामनं. सिद्धाराम आधी नारळवाला पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून फिरायचा. नारळ उभा राहिला की खाली पाणी. त्याचा नारळ फार उत्साही होता, कुठंही उभा राहायचा. पाणी तेवढ्या उत्साहानं लागत नसे. लोक कंटाळत चालले होते. अशात शिवानंदच्या रानात जागा बघताना त्याला ही पोरगी दिसली, ओढ्याच्या काठाला उकिडवी बसलेली. तिथंच बोअर घेतला आणि ओढ्याच्या काठाला पाणी लागलं. ही गोष्ट त्या दिवसापासून चमत्कारात जमा झाली.

"नारळ निर्जीव, माय सजीव!" सिद्धाराम घसा फोडून सांगायचा. "पाताळातल्या पाण्याचा रंग मायच्या अंगावर उतरलाय! नखं बगा, निळं पाणी! बोटं बगा, कमळाच्या कळ्या! काटा रुतला तवा रगत बगितलं आमी, काळं आन् दाट! तुमच्या-आमच्यावानी पांचट न्हाय!"

बोअरमधून निळं पाणी आलेलं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. पहिल्यांदा चिखल येतो. पण ते असो.

नियम कडक होते. जागा दाखवायच्या दिवशी मायच्या तोंडात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, कारण तहानेल्या मायलाच खालचं पाणी कळतं. आणि मायशी कुणी थेट बोलायचं नाही. जे विचारायचं ते सिद्धारामला विचारायचं. उत्तरही सिद्धारामच द्यायचा, त्यामुळं वेळ वाचायचा. बोअर कोरडा गेला, तर त्या घरातल्या कुणा बाईचा विटाळ झालेला असे. गुंडाप्पा म्हणून गावातले एक वयस्कर शेतकरी आहेत. त्यांच्या रानात दोन बोअर कोरडे गेले, तेव्हा त्यांची सून महिनाभर मान खाली घालून वावरत होती. लागलेलं पाणी मायचं आणि लागलेला काळा पाषाण सुनांचा, अशी वाटणी ठरून गेली होती.

शिवांजलीचं नाव आमच्या पहिलीच्या हजेरीपटावर होतं, पण देवीनं पहिलीत बसायचं कसं? म्हणून ती येत नसे. मी एकदा तिच्या घरी विचारायला गेलो. ती अंगणात कोंबडीमागं धावत होती. कोंबडी हाताला लागायच्या आतच ती थांबली आणि सिमेंटच्या ओट्यावर उकिडवी बसली. धापा टाकत होती. ओठ काळपट झाले होते.

मी शिवानंदला म्हणालो, "ओटा फोडायला घ्या, खाली पाणी आहे."

त्याला ते आवडलं नाही. निघालो, तर अर्पिता फाटकापर्यंत माझ्या मागं आली.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "पोरीला लई दम लागतो. बाळंतपणाच्या येळेला नर्सबाई म्हणल्या व्हत्या, काळजाचा आवाज बरोबर न्हाय, मोठ्या डॉक्टरला दावा. ह्यांना सांगितलं तर म्हणतेत, देवीला दवाखाना कशाला? तुमी कुणाला तरी दावा की."

दरवर्षी शाळेतल्या मुलांना तपासायला सरकारी पथक येतं. त्यातल्या डॉक्टर आरजू नळदुर्गच्या. मी त्यांना फोन लावला आणि जे पाहिलं ते सांगितलं. त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली.

"बसते म्हणजे कशी, गुरुजी? मांडी घालून, की गुडघे छातीशी घेऊन?"

"गुडघे छातीशी."

"यंदाची तपासणी तुमच्या त्या बोअरच्या दिवशीच ठेवते, त्या दिवशी ती शाळेत येणारच आहे. तोवर तिला पळू देऊ नका आणि पाणी भरपूर पाजत राहा."

मी हा निरोप अर्पिताला पोचवला. तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं. बोअरचा दिवस तिच्या हातात नव्हता.

तर अशी त्या सकाळी गर्दी जमलेली. मार्च संपत आला होता आणि ऊन आत्ताच डोक्यात शिरायला लागलं होतं. डॉक्टर आरजूंनी व्हरांड्यात टेबल मांडलं आणि मैदानाकडं तोंड करून बसल्या. फाटकातून सिद्धाराम आला. कपाळभर भस्म, गळ्यात माळा, हाताला धरलेली शिवांजली. तिच्या गळ्यातला झेंडूचा हार तिच्यापेक्षा जड असावा. ती सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती.

"चल माय! पाताळ बोलवायलंय!"

हलगीच्या ठेक्यावर सिद्धाराम झपझप चालायला लागला. त्याच्या एका पावलाला पोरीची तीन पडत होती. त्याचा रोख मैदानाच्या मागच्या कोपऱ्याकडं होता, लिंबाच्या झाडाकडं. पण झेंड्याच्या खांबापाशी आल्यावर शिवांजलीनं हात सोडवून घेतला आणि मटकन उकिडवी बसली.

"बसली! बसली! निळाईमाय बसली!" गर्दीनं आरोळी ठोकली. एका पोरानं काडेपेटीसुद्धा काढली.

सिद्धारामचा चेहरा मात्र उतरला. झेंड्याचा खांब शाळेतल्या सगळ्यात उंच जागी आहे आणि खाली सलग कातळ आहे. तो खांब रोवताना पहार वाकली होती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सिद्धाराम खाली वाकला.

"माय दम खायली," तो लोकांना म्हणाला. "आजून म्होरं जायचंय." आणि त्यानं तिला दंडाला धरून उचललं. देवी जागा चुकली, असं त्याचं मत पडलेलं दिसलं.

ती उभी राहिली, चार पावलं ओढत गेली आणि कण्हायला लागली. बघता बघता तिचा निळा रंग पाटीसारखा काळसर झाला. डोळे फिरले, मान कलली.

"आंगात आलं! आंगात आलं!" हलगीवाल्यानं ठेका वाढवला. पुढं उभ्या असलेल्या गावातल्या कमलबाईंनी मूठभर कुंकू उधळलं. सिद्धारामनं दोन्ही हात वर केले. "पाताळाची लाट मायच्या आंगात शिरलीय!"

समोर एक लेकरू मरायला टेकलं होतं आणि आमचं गाव त्याच्यापुढं हात जोडून उभं होतं. तोवर डॉक्टर आरजू टेबल ढकलून धावल्या होत्या. त्यांनी पोरीला उचललं, तिचे दोन्ही गुडघे दुमडून छातीशी दाबून धरले आणि तशीच तिला कुशीत घेऊन व्हरांड्याच्या सावलीत बसल्या.

"ओ बाई! मायला शिवायचं न्हाय!" सिद्धाराम ओरडला.

"हलगी बंद करा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. हलगी बंद झाली.

मी एकशेआठला फोन लावला. डॉक्टरांनी पोरीच्या बोटाला चिमट्यासारखं एक छोटं यंत्र लावलं. रक्तात प्राणवायू किती आहे ते त्यावर दिसतं. जो आकडा शंभराला टेकलेला असायला हवा, तो साठाच्याही खाली होता. अर्पिता शेजारी बसून पोरीच्या कपाळावरून हात फिरवत होती. डॉक्टर पोरीशी सावकाश, एका लयीत बोलत राहिल्या: घाबरू नको, श्वास घे, घाबरू नको. हळूहळू आकडा चढला. पोरगी पुन्हा निळी झाली, म्हणजे तिच्या नेहमीची निळी. डोळे उघडले.

सगळी गर्दी व्हरांड्याभोवती गोळा झाली होती.

"शिवानंदभाऊ," डॉक्टर म्हणाल्या, "रानाला पाणी देता ना तुम्ही?"

शिवानंदनं मान हलवली.

"मग नीट ऐका. समजा, काळजात दोन वाफे आहेत. अंगभर फिरून मळलेलं रक्त एका वाफ्यात येतं. तिथून ते फुफ्फुसाकडं जातं, हवा घेऊन लाल होतं, दुसऱ्या वाफ्यात येतं आणि परत अंगभर जातं. दोन वाफ्यांच्या मधे बांध असतो. हिचा बांध जन्मापासून फुटलेला आहे, आणि फुफ्फुसाकडं जायची वाट अरुंद आहे. मग मळकं रक्त तिकडं न जाता फुटक्या बांधातून पलीकडं शिरतं आणि तसंच अंगभर फिरतं. म्हणून ओठ निळे. पाताळाचा यात काही संबंध नाही."

"मग मधीच बसती कशापायी?" गुंडाप्पांनी विचारलं.

"काका, पाणी चाललंय आणि पुढचं दारं तुम्ही बंद केलं. पाणी काय करील?"

"मागं तुंबंल. मग दुसरी वाट धरंल."

"तसंच हे. गुडघे घट्ट दुमडले की पायाकडं जाणारं रक्त अडतं. मग जास्तीचं रक्त फुफ्फुसाची अरुंद वाट धरतं, हवा घेतं आणि पोरीला बरं वाटतं. अशी मुलं हे कुणी न शिकवता शिकतात. मी आत्ता तिचे गुडघे दाबून धरले, ते त्याचसाठी."

"आन् बोटं? आन् रगत?" कमलबाईंनी विचारलं. त्यांच्या हाताला अजून कुंकू होतं.

"हवा वर्षानुवर्षं कमी पडली की बोटांची टोकं अशी फुगतात. हवा पुरत नाही म्हणून शरीर तांबड्या पेशी बनवत सुटतं, त्यानं रक्त दाट होतं. अशा मुलाला तहानेलं ठेवलं तर ते आणखी घट्ट होतं आणि मेंदूत गुठळी अडकू शकते. आज सकाळपासून हिला पाणी कुणी दिलं?"

शिवानंद जमिनीकडं बघत राहिला.

सिद्धाराम पुढं सरसावला. "डॉक्टरीणबाई, ह्या पुस्तकातल्या गोष्टी हायत. मायचं म्हणणं असं हाय की..."

"तुम्ही नका सांगू. मी तिलाच विचारते."

गर्दीत कुजबुज झाली. मायशी थेट बोलायचं नव्हतं ना. डॉक्टरांनी पोरीच्या गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला.

"शिवांजली, चालता चालता तू खाली का बसतेस गं?"

पोरीनं आधी आईकडं पाहिलं, मग सिद्धारामकडं. इतक्या दिवसांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. उत्तर द्यायचं असतं का, याचीच तिला खात्री नसावी.

"दम लागतो," ती म्हणाली. "बसलं की बरं वाटतं."

"खाली पाणी दिसतं का तुला?"

तिनं व्हरांड्याच्या फरशीकडं नीट, प्रामाणिकपणे पाहिलं.

"कुठं हाय? मला प्यायला द्या की."

अर्पितानं पोरांच्या माठातून तांब्या भरून आणला. डॉक्टर घोट घोट पाजत होत्या. ज्या पोरीनं पंचक्रोशीला पाणी दाखवलं, ती दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी पीत होती आणि एवढं मोठं गाव मान खाली घालून उभं होतं.

मग गुंडाप्पांचा आवाज आला. "सिद्धाराम, आमच्या रानात ती आदी बांधावर बसली व्हती. तूच तिला उचलून म्होरं न्हेलास."

"आमच्यात बी तसंच केलं!" कमलबाई म्हणाल्या. "गोठ्यापाशी बसली तवा म्हणला, माय वाईच थकलीय."

प्रत्येकाला वाटत होतं, असं फक्त आपल्याच रानात झालं. आता सगळ्यांची उजळणी सुरू झाली. मी सातवीची चार पोरं घेऊन मागच्या कोपऱ्यात गेलो आणि लिंबाखालचा पाचोळा बाजूला केला. खाली पांढऱ्या फक्कीचा वाटोळा ठिपका होता. सिद्धाराम आदल्या संध्याकाळी "जागेला नमस्कार करायला" म्हणून शाळेत येऊन गेला होता, तो यासाठी. त्या कोपऱ्यात गावाच्या टाकीचं पाणी झिरपतं. तिथली जमीन कायम ओली असते आणि उन्हाळ्यात तिथं म्हशीही बसतात. त्यांना आजवर कुणी हार घातलेला नाही.

मी परत येऊन लोकांना सांगितलं. जागा सिद्धाराम आधीच हेरून ठेवायचा: ओढ्याकाठी, शेजाऱ्याच्या चालू बोअरच्या अंगाला, किंवा अशी झिरपती. खूण करायचा. मग पोरीला उन्हात झपझप चालवायचं. चालवलं की तिला दम लागणार आणि दम लागला की ती बसणारच. खुणेजवळ बसली तर जयजयकार, आधी बसली तर उचलून पुढं न्यायचं. एवढाच चमत्कार होता. फक्त त्यात दर खेपेला एका आजारी पोरीचा जीव पणाला लागत होता.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. सिद्धारामनं शेवटचा डाव टाकला.

"शिवानंद! ह्यास्नी काळजाला सुरी लावायची हाय! सुरी लागली की निळाई जाईल! निळाई गेली की तुझ्या बोअरचं पाणी जाईल! गावाचं पाणी जाईल!"

आणि गंमत म्हणजे, एवढं सगळं डोळ्यांनी पाहूनही गर्दी चुळबुळली. दोघं-तिघं म्हणालेच, की निदान एवढा उन्हाळा जाऊ द्यावा. भीती अशी एका सकाळीत जात नाही. शिवानंदचा ऊस त्या ओढ्याकाठच्या बोअरवर उभा होता. तो ॲम्ब्युलन्सच्या दाराशी थांबला. आत अर्पिता पोरीला मांडीवर घेऊन केव्हाच बसली होती. ती त्याला चल म्हणाली नाही, नुसती बघत राहिली.

"जाऊ दे," शिवानंद म्हणाला.

"काय?" सिद्धारामनं विचारलं.

"पाणी जाऊ दे. लेकरू सकाळपासून घोटभर पाणी मागायलं व्हतं, आन् आमी त्यालाच पाणी दावाया लावायलो व्हतो." आणि तो गाडीत चढला.

धाराशिवला काळजाची इको तपासणी झाली. डॉक्टर आरजूंनी कुशीत धरून जे ओळखलं होतं, तेच पडद्यावर दिसलं. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं. बांधाचं भगदाड बुजवलं, वाट रुंद केली. ती गावी परतली तेव्हा तिला बघायला पुन्हा गर्दी झाली. ओठ गुलाबी आणि नखंही गुलाबी. कमलबाईंनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"आता आपल्यावानीच दिसायली की," त्या म्हणाल्या. थोड्या हिरमुसल्या होत्या, पण तिच्या मुठीत गुळाचा खडा ठेवूनच गेल्या.

शिवानंदच्या बोअरचं पाणी गेलं नाही. ओढा जिथं होता तिथंच आहे. सिद्धाराम हल्ली कर्नाटकाच्या हद्दीत तीन शिंगांचा बोकड घेऊन फिरतो, असं ऐकतो. बोकडाशी थेट बोलायचं नाही, असा नियम आहे म्हणे.

शाळेच्या बोअरचंही सांगतो, नाही तर तुम्ही माझ्याकडंच पुरावा मागाल. भूजलवाल्यांचा माणूस आला, त्यानं यंत्र लावलं, जागा सांगितली आणि बोअर कोरडा गेला. गाव माझ्याकडं बघायला लागलं. त्या माणसानं मातीचे नमुने हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "चुकलं माझं. खडक वाटला त्यापेक्षा जाड निघाला." मग त्यानं दुसरी जागा काढली. तिथं बेताचं पाणी लागलं, पोरांना प्यायला पुरतं. कुणाच्या सुनेला मान खाली घालावी लागली नाही. गुंडाप्पांना हीच गोष्ट सगळ्यात नवलाची वाटली, की पाणी सांगणारा माणूस स्वतःहून चुकलं म्हणतो.

यंदा सव्वीस जानेवारीला मुलांच्या धावण्याच्या शर्यती होत्या. शिवांजली धावली. सगळ्यात शेवटी आली, गुडघ्यांवर हात ठेवून हसत उभी राहिली. कडेला शिवानंद उभा होता. सवयीनं त्याची नजर तिच्या पायाखालच्या जमिनीवर गेली होती. ती बसली नाही. तेव्हा त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि मला म्हणाला, "ऊन लई हाय गुरुजी." थंडीचे दिवस होते.

एवढं वाचलंत, तर एक काम करा. तुमच्या घरात, शेजारात, वस्तीवर एखादं मूल खेळता खेळता मध्येच उकिडवं बसत असेल, त्याचे ओठ-नखं निळी पडत असतील, दूध पिताना किंवा रडताना काळवंडत असेल, तर त्याला देव करू नका आणि आळशीही म्हणू नका. पाणी पाजा आणि डॉक्टरकडं न्या, उद्या नाही, आजच. आणि कुणी तुम्हाला सांगितलं, की याला काही विचारायचं नसतं, तर तिथं सगळ्यात आधी विचारा. आम्ही एवढे जाणते लोक त्या पोरीमागं हलगी लावून रानोरान फिरलो, पाताळात काय आहे ते तिला दाखवायला लावलं. ती का बसते, हे तिला विचारायला मात्र नळदुर्गहून डॉक्टर याव्या लागल्या.